लाभानंतर एक की दोन?

"व्यापारातली नीती शिकवतो," असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग हसतो आणि मग विचारतो, "बरं, पण पोटापाण्याला काय करता?" उभा जन्म हे ऐकण्यात गेला. आमचे सासरे बरीच वर्षं पाहुण्यांना माझी ओळख 'हिशेबाचे मास्तर' अशी करून देत. मुलगी देऊन बसले होते, आता काय करणार बिचारे.

संपादकांनी फर्माईश केली आहे की धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. गमती पुष्कळ आहेत. मालक लोक मला बोलावत ते नोकरांना नीती शिकवायला. स्वतःसाठी कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही. पुण्यातल्या एका कापडवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, "मास्तर, आमच्या माणसांना प्रामाणिकपणा शिकवा, पण तो माझ्याशी. गिऱ्हाइकाशी कसं वागायचं ते माझं मी शिकवतो." हा माणूस निदान खरं तरी बोलला. बाकीचे हेच मनात ठेवून वर मला हार घालायचे.

पण गमती सांगायला बसलो की मध्येच मार्गासनीचा तो बाजाराचा दिवस आठवतो आणि हसू जातं. तेव्हा तेच लिहितो. संपादकांनी राग मानू नये.

आधी हा धंदा काय असतो ते सांगायला हवं. चोरी करू नये, खोटं बोलू नये हे शिकवायला मास्तर लागत नाही. ते आईनंच शिकवलेलं असतं, आणि ते ठाऊक असूनच माणूस चोरी करतो. माझं काम वेगळं. रोजच्या सवयीनं जे दिसेनासं झालेलं असतं ते पुन्हा दिसायला लावायचं. त्याला हत्यार एकच, प्रश्न. 'हे तुम्ही असं का करता?' एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. उत्तर आपण द्यायचं नाही, हा माझा नियम. कॉलेजात हा नियम फार शोभून दिसायचा, कारण तिथं मुलांचं उत्तर चुकलं तरी कुणाचं काही जात नाही. पेढीवर तसं नसतं. तिथं प्रश्न विचारला की कुणाची तरी भाकरी हलते. हे मला ठाऊक होतं, पण ऐकून ठाऊक असणं आणि डोळ्यांनी बघणं यांत फरक आहे.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडी आधीची. भोर तेव्हा संस्थान होतं. मी पुण्याला कॉलेजात शिकवायचो आणि रविवारी सर्व्हिस मोटारीनं भोरला जायचो. तिथल्या एका भाताच्या पेढीचे मालक अण्णाशेट यांनी आपल्या माणसांसाठी माझा वर्ग ठेवला होता. अण्णा मूळचे भाटघरच्या वरच्या अंगाच्या एका गावचे. नवं धरण झालं तेव्हा ते गाव पाण्याखाली गेलं. अण्णांच्या वडिलांनी त्याआधीच भोरला दुकान थाटलं होतं, म्हणून ही मंडळी सुटली. बाकीचं गाव मिळेल तिकडे पांगलं. त्यातली काही घरं वेल्ह्याच्या वाटेवर, मार्गासनीच्या आसपास येऊन राहिली होती.

अण्णा लबाड नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकली की लोक त्यांना वाईट ठरवून मोकळे होतात. भेसळ करायचे नाहीत, शेतकऱ्याला ताटकळत ठेवायचे नाहीत, देवाधर्माला सढळ. बोलणं शहरी, नीटनेटकं. फक्त चिडले की त्यांची भाषा आपोआप गावाला जायची.

वर्ग गोदामात भरायचा. कारकून, गोदामवाले, हमाल आणि दिवाणजी, म्हणजे अण्णांचे कारभारी, सगळे मांडी घालून बसत. पहिले काही रविवार मी विचारायचो आणि ते माना डोलवायचे. कीर्तनालासुद्धा माणसं एवढ्या भक्तीनं बसत नाहीत. शेवटी मी ठरवलं की बोलणं पुरे, प्रत्येकानं आपलं काम करून दाखवावं.

त्या दिवशी पेढीचा मापाडी तात्याबा आला होता. पन्नाशीचा, बुटका, रुंद छातीचा, राहणारा मार्गासनीचाच. हंगामात पेढीचा तळ मार्गासनीला पडायचा. शेतकरी गाड्या भरून भात आणत आणि तात्याबा ते पायलीनं, म्हणजे चार शेरांच्या मापानं, मोजून घ्यायचा. मापाड्याचं काम हाताचं तसंच तोंडाचं. राशीत पायली खुपसून शिगेनं, म्हणजे वर ढीग येईल अशी भरायची, पोत्यात पालथी करायची आणि पुढची भरेपर्यंत आकडा तोंडात घोळवत ठेवायचा, म्हणजे गफलत होत नाही. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हे तर घरोघरी आहे. माझी आईसुद्धा डाळ-तांदूळ मोजताना 'लाभ, दोन, तीन' अशीच मोजायची.

तात्याबाचा आवाज काय सांगू. भरदार, आणि जरासा ओढून धरलेला. सगळं गोदाम कान देऊन ऐकू लागलं.

"लाभ, लाभ, लाभ... एक, एक, एक... दोन, दोन, दोन..."

मी हात वर केला. "तात्याबा, लाभानंतर दोन ना?"

"न्हाई मास्तर. लाभ देवाचा. एक मानसाचा."

म्हणजे प्रत्येक राशीची पहिली पायली मोजणीत धरायचीच नाही. ती देवाची. शेतकऱ्याचं माप पुढच्या पायलीपासून सुरू.

"कुठल्या देवाचा?"

"भैरोबाचा. अण्णांच्या गावच्या. थोरल्या शेटनी, अण्णांच्या वडलांनी नवस केलता, हरेक राशीचं पयलं माप भैरोबाच्या भंडाऱ्याला, गावजेवनाला. तवापास्नं चालू हाय."

"ते गाव तर पाण्यात गेलं. मग देव कुठं असतो?"

यावर दिवाणजी बोलले. "देव मालकांच्या घरी आहे. गाव बुडायच्या आधी थोरल्या शेटनी काढून आणला. देव्हाऱ्यात आहे."

"आणि भंडारा?"

हा प्रश्न मी कुणाला अडकवायला विचारला नव्हता. पुढचा प्रश्न म्हणून सहज विचारला. पण दिवाणजींनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि गोदामवाले आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागले. एकट्या तात्याबाची मान वर होती.

"व्हतू की दर वर्साला," तो म्हणाला. "हितं भोरात व्हतू. मला लांब पडतंय म्हून येनं व्हत न्हाई." मग दिवाणजींकडे वळून म्हणाला, "व्हतू न्हवं?"

"आजचा वर्ग संपला," दिवाणजी म्हणाले.

मोटार सुटायच्या जागेपर्यंत तात्याबा माझ्याबरोबर चालत आला. मोटार लागल्यावर म्हणाला, "मास्तर, एवढी वर्सं म्या लाभ म्हनतोय. शेतकरी माप सोडतू ते माझ्या तोंडाकडं बघून. पेढीला न्हाई देत, मला देतू. आता हंगामाच्या पयल्या बाजारी म्या लाभाफुडं काय म्हनू? एक म्हनू का दोन?"

मी माझ्या नियमाप्रमाणे म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं?"

"आवं, तुमी शिकवाया येता का इचाराया?" तो म्हणाला. रागानं नाही, खरोखरच कळत नव्हतं म्हणून. "दोन म्हनलो तर अण्णा दुसऱ्या दिशी घरी बसवत्याल. जमीन म्हनाल तर नावाला हाय. आन एक म्हनलो तर त्याच गावात तोंड घिऊन ऱ्हायचं हाय मला."

मोटार सुटली. मी खिडकीतून काहीतरी बोललो असेन, पण ते उत्तर नव्हतं.

वर्गातली बातमी भोरात राहिली नाही. गोदामातून हमालांकडे, हमालांकडून गाडीवानांकडे आणि तिथून नदीनाले ओलांडत ती वेल्ह्याच्या वाटेला लागली. पुढच्या रविवारी मी भोरला उतरतो तोच अण्णांचा माणूस मला न्यायला उभा. वर्ग नाही, घरी बोलावलंय.

अण्णांनी मला थेट देव्हाऱ्यासमोर नेलं. मूर्ती अशी नव्हतीच. शेंदूर फासलेला गोल दगड, ज्याला आपण तांदळा म्हणतो, आणि त्यावर चांदीचे डोळे. समोर ताजा नैवेद्य होता.

"बघितलात देव?" अण्णा म्हणाले. "रोज पूजा होते, रोज नैवेद्य होतो. गावात असताना त्याला वर्षातून एकदा गोडधोड मिळायचं, इथं रोज मिळतं. देवाचं माप देवाच्या घरी येतं. यात अनीती कुठं आहे ते मला दाखवा, प्रोफेसर."

मी विचारलं, "भंडारा किती वर्षं झाला नाही?"

"भंडारा गावासाठी असतो. गाव कुठं आहे? पाण्यात हाक मारू?" त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. मग आवाज बदलला. "मापाचा इषय तुमच्या शिकवन्यात नव्हता. तुमी काढला. आता तुमीच निस्तरा. मंगळवारी हंगामाचा पयला बाजार हाय, मार्गासनीला चला. मानसं तुमाला मानत्यात. पुन्याचे नीतीचे मास्तर म्हनून चार लोकांत सांगा, देवाचं माप घेनं ही रूढी हाय आन रूढी रास्त हाय. न्हाईतर..."

"नाहीतर काय?"

"तात्याबा मापावरनं उठल. आन त्याच्या मागं दुसरा बसल, तो बी एकच म्हनल. तुमच्या प्रश्नानं काय बदललं मग?"

मंगळवारी येतो म्हणालो. भीती वाटत होती, पण न जाणं मला त्याहून वाईट वाटलं.

मार्गासनीला पोचलो तेव्हा बाजार भरला होता आणि तरीही गडबड नव्हती. रस्त्याच्या कडेनं भाताच्या गाड्या लांबवर लागलेल्या, पण एकाही गाडीचे बैल सोडलेले नव्हते. जू तसंच मानेवर. म्हणजे कुणी भात उतरवायचं ठरवलंच नव्हतं. मनासारखं झालं नाही तर गाडी फिरवायची आणि घरी जायचं. गडी कासरे धरून उभे होते. वरच्या वाड्यांतले धनगर काठ्या टेकून बाजूला बसले होते. त्यांचं भाताशी काही देणंघेणं नव्हतं, पण तेही हलत नव्हते. पेढीचे हमाल तळाभोवती गोळा झाले होते आणि त्यांतल्या दोघांच्या हातांत जाड दांडकी होती. ती दिवाणजींनी दिली असावीत. एखादा वेडावाकडा शब्द निघाला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

पहिली गाडी भागूबाईची होती. म्हातारी विधवा, अण्णांच्याच बुडालेल्या गावची. धरणाच्या वेळी पोराबाळांसकट इकडे आली आणि दुसऱ्यांच्या बांधाला बांध लावून खाचरं करून राहिली. ती गाडीच्या दांडीवर बसली होती आणि तिनं अण्णांना लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं होतं, त्यामुळे ती त्यांना 'अरेतुरे' करायची.

अण्णांनी तिला हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, तुमच्या मनात शंका आलीय. हे पुण्याचे मास्तर. नीती हाच यांचा विषय. यांनाच विचारू. मास्तर, देवाचं माप घेणं पाप आहे का?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. माझा तो नियम इथं चालणार नव्हता. इथं उलटा प्रश्न टाकला असता तर लोकांनी मला गाडीखाली घातलं असतं.

"नाही," मी म्हणालो. अण्णांचा चेहरा सैल झाला. "पण देवाचं म्हणून घेतलेलं देवाला पोचलं पाहिजे."

"पोचतं," अण्णा म्हणाले. "देव माझ्या घरात आहे."

"मंग आमच्या भैरोबाचा भंडारा कुठं हाय रं?" भागूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "पानी आलं तवापास्नं आमी कुनी परसाद चाखला न्हाई. देव तुज्या घरी जेवतू, आन त्याची मानसं?"

अण्णा मान वळवून तात्याबाला म्हणाले, "माप सुरू कर."

बैल तसेच जुंपलेले ठेवून भागूबाईच्या गड्यानं दोन पोती खाली ओतली. रास झाली. तात्याबा तिच्यासमोर बसला, जमिनीला हात लावून पाया पडला आणि पायली उचलली. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. त्यानं पायली शिगेनं भरली, वर धरली आणि म्हणाला, "लाभ."

नेहमीसारखं 'लाभ, लाभ' म्हणत ती पोत्यात पालथी करायची. ती त्यानं केली नाही. तशीच हातात धरून बसला. आता तो पुढं काय म्हणतो याकडे अख्खा बाजार कान लावून होता. एक म्हणाला तर गाड्या फिरणार, दोन म्हणाला तर त्याची चाकरी गेली. मी मनात 'दोन म्हण, दोन म्हण' असं म्हणत होतो. दुसऱ्याच्या चाकरीवर धीट व्हायला काय जातं.

तात्याबानं पायली खाली ठेवली, खांद्यावरची घोंगडी काढून शेजारी अंथरली, तिची चारी टोकं सरळ केली आणि पायली त्या घोंगडीवर ओतली. मग राशीकडे वळून दुसरी भरली आणि पोत्यात टाकत म्हणाला, "एक, एक, एक..."

"तात्याबा, पोत्यात," दिवाणजी ओरडले.

"दिवानजी, पोतं पेढीचं हाय. ह्यो देवाचा."

"काय चाललंय हे?" अण्णा म्हणाले.

"मालक, तुमीच म्हनला देवाचं माप. तुमचा सबूद म्या मोडला न्हाई. लाभ घेतला, एक बी म्हनलं. आता देवाचं हाय ते देवाला नेऊ द्या."

बोलताना त्याची नजर खाली होती. यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच त्यावर काही करता येईना. एका गाडीवाल्यानं बैल सोडले. मग दुसऱ्यानं. बघता बघता सगळ्या रस्त्यानं जुवं उतरल्याचे आवाज आले. मला वाटलं, निभावलं. पण खरी कसोटी पुढं होती.

दिवसभर गाड्या रिकाम्या होत गेल्या. प्रत्येक राशीची पहिली पायली घोंगडीवर. दुपार कलली तेव्हा तिथं चांगली कमरेएवढी रास झाली होती. इतकी वर्षं ती पोत्यांत मिसळून जायची म्हणून कुणाला दिसली नव्हती. मला वाटतं अण्णांनासुद्धा नाही. भात विकून मोकळी झालेली माणसं घरी गेली नाहीत. बाजारहाट करून परत येऊन तिथंच उभी राहिली.

तळ उठायची वेळ झाली. दिवाणजी हमालांना म्हणाले, "ती रास भरा."

कुणी हललं नाही. दांडकं घेतलेल्या दोघांपैकी एका हमालानं ते गाडीला टेकवून ठेवलं आणि म्हणाला, "देवाच्या राशीला कसा हात लावू? आमाला बी लेकरं हायती." दिवाणजींनी स्वतः सूप उचललं, दोन पावलं गेले, लोकांकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं. आता उरले अण्णा. ते राशीपाशी जाऊन उभे राहिले. मालक आपल्याच मालापुढं असा उभा राहिलेला मी कधी बघितला नव्हता. एकदा ते वाकल्यासारखे झाले. मागं कुणाचा तरी श्वास जोरात आत ओढल्याचा आवाज आला, आणि ते सरळ झाले.

"मग काय करायचं म्हनता?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"देव आन," भागूबाई म्हणाली. "त्याचं त्याला खाऊ दे."

"देव जागचा हलवायला कौल लागतो, भागूमावशी."

"बुडत्या गावातनं उचलला तवा कुनी कौल घेतलता?"

अण्णांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता हा माणूस फुटणार. पण ते घोंगडीकडे बघत म्हणाले, "फुडच्या बाजारी देव आनतो. भंडारा करू." आणि मागं न बघता गाडीत जाऊन बसले.

त्या आठवड्यात त्या राशीची राखण कुणी केली आणि चिमण्या कुणी हाकलल्या ते मला माहीत नाही. पुढच्या मंगळवारी मी गेलो तेव्हा कळलं की त्यातला एक दाणाही कुणी घरी नेला नव्हता. घरोघरच्या बायकांनी आदल्या दिवशी ते सगळं भात भंडाऱ्यासाठी कांडून ठेवलं होतं. अण्णा आले ते अनवाणी. सगळ्या वाटेत गाडीत देव त्यांनी मांडीवर घेतला होता, नव्या धोतरात गुंडाळून. धरणानं पांगवलेल्या गावची माणसं कुठून कुठून आली होती. धोतर बाजूला झालं आणि ते चांदीचे डोळे दिसले, तेव्हा म्हातारी माणसं लहान पोरांसारखी रडली. मलाही आवरलं नाही. माझा देवधर्म यथातथाच, पण तिथं रडू आलं हे खरं.

पंगती उठल्या. अण्णांनी स्वतः वाढलं. सगळं गोडीत झालं असं वाटत असताना ते देव उचलायला पुढे गेले, तर भागूबाई देवाच्या पुढ्यात येऊन बसली.

"आता ह्यो हितंच ऱ्हाईल."

"मावशी, बाजूला व्हा."

"म्या न्हाई उठायची. मला उचल आन देवाला ने."

सकाळपासून हसतखेळत असलेली माणसं उभी राहिली. हमाल पुढे सरकले. वरच्या वाड्यांतले धनगर काठ्यांसकट आत आले. मी अण्णा आणि लोक यांच्या मधोमध कसा पोचलो कुणास ठाऊक, बहुतेक मागच्यांनी ढकललं असावं. पोचलो ते मात्र जागचा हलू शकलो नाही.

अण्णांनी हात वर करून हमालांना थांबवलं. ते म्हातारीच्या डोक्यावरून देवाकडे बघत होते. "माझा देव्हारा मोकळा राहील, मावशी," ते म्हणाले, अगदी हळू.

"घरात तू हाईस की," ती म्हणाली.

अण्णांनी वाकून देवाला नमस्कार केला, मग तिलाही केला आणि रिकाम्या हातांनी परत गेले. त्या क्षणी मला हा माणूस जेवढा आवडला तेवढा आधी किंवा नंतर कधी आवडला नाही.

नंतरचं थोडं आहे. अण्णा तात्याबाला एक शब्दही वावगा बोलले नाहीत. पुढच्या हंगामाला मार्गासनीच्या तळावर पुण्याहून वजनाचा लोखंडी काटा आला. मला बोलावून त्यांनी मुद्दाम दाखवला. "प्रोफेसर, तुमचं शिकवणं मला लागू पडलं," ते म्हणाले. "काट्याला तोंड नाही. तो लाभही म्हणत नाही आणि एकही म्हणत नाही. आता कुणाची शंका नको." काटा खरा होता, मी स्वतः तपासला. शेतकऱ्यांचा फायदाच झाला. आणि काट्याला मापाडी लागत नाही, म्हणून तात्याबा घरी बसला. माझाही वर्ग त्याच वर्षी बंद झाला.

ही हकीकत मी पुढं कॉलेजात कित्येक वर्षं सांगितली. घोंगडीवर पायली ओतली तिथं मुलं टाळ्या वाजवायची. मीही तिथंच थांबायचो. तास संपवायला ती जागा चांगली आहे.

काट्यानंतर दोनेक वर्षांनी मी मुद्दाम मार्गासनीला गेलो. तात्याबा दारात बसला होता. बारीक झाला होता. खाचरात मुलगा राबत होता. चहा झाला. भैरोबाला पत्र्याचं छप्पर झालं, दर वर्षी भंडारा होतो, भागूबाई अजून टणक आहे, असं सगळं त्यानं सांगितलं. गावात त्याला मान होता. येणारा-जाणारा थांबून रामराम करत होता.

मी विचारलं, "तात्याबा, पस्तावा होतो का कधी?"

"पस्तावा न्हाई, मास्तर. झालं ते ब्येसच झालं." त्यानं कप खाली ठेवला. हंगाम ऐन भरात होता आणि रस्त्यानं भाताची एक गाडी तळाकडे चालली होती. ती लांब जाईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. "पर सकाळी उठलो की घोंगडी खांद्यावर घितो, दारातनं भाईर पडतो, आन मंग आठवतंय की जायाचं कुठं न्हाईच. त्येचं काय करायचं, ते तुमच्या शिकवन्यात हाय का?"

मी नाही म्हणालो. तो बरं म्हणाला, आणि मला मोटारीपर्यंत सोडायला उठला.